पाठीवर पाय, भार दांड्यावर : आर्वी तालुक्यातल्या एका मालिश थेरपिस्टचं प्रकरण

वय ३४, उंची पाच फूट एक इंच, वजन ५४ किलो. व्यवसाय मालिश. नागपूरच्या एका स्पामध्ये काही वर्षं नोकरी, मग सासऱ्यांच्या आजारपणामुळे आर्वी तालुक्यातल्या सासरच्या गावी मुक्काम, आणि तिथेच घराच्या बाजूच्या खोलीत स्वतःचं काम. गिऱ्हाईक फक्त बाया. तक्रार : उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणं. भाकर थापताना कळ, बरणीचं झाकण उघडत नाही, आणि दिवसाचं तिसरं मालिश सुरू झालं की अंगठा साथ सोडतो.

मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करते. बाई माझ्याकडे आली ती पेशंट म्हणून. गावात तिला सगळे ताईच म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

तपासणीत फार शोधाशोध करावी लागली नाही. अंगठ्याचं हाड मुळाशी दाबून गोल फिरवलं तर कळ आली आणि बोटाला खरखर जाणवली. एक्स-रेमध्ये सांध्यातली फट किंचित कमी झालेली. अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची सुरुवातीची झीज, बाकी काही नाही. मालिश करणाऱ्यांत हे दुखणं नेहमीचं आहे, कारण हा सांधा भार फार वाढवून घेतो. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत एक किलोच्या जोरानं चिमूट धरली, तर मुळाच्या सांध्यावर साधारण बारा किलोंपर्यंत भार येतो. आता हीच बाई दिवसाला चार पाठी अंगठ्यानं रगडते म्हटल्यावर हिशेब आपणच करावा.

पट्टा दिला, व्यायाम दिले, आणि अंगठ्यानं दाबणं बंद करायला सांगितलं. तिचं उत्तर सरळ होतं : "मॅडम, हात थांबवला तं खाऊ काय?"

कोपर आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात वापरायचं तिला आधीच माहीत होतं. मग तिनंच विचारलं की नागपूरला एक मुलगी पायानं मालिश करायची, ते शिकलं तर? मी लगेच हो म्हटलं नाही. पाठीच्या दुखण्याचे पेशंट रोज बघणाऱ्या माणसाला 'पाठीवर पाय' ऐकलं की आधी मणकाच दिसतो.

गावाला मात्र यात नवं काही नव्हतं. दिवसभर फवारणीचा पंप पाठीवर वागवून आलेला बाप ओसरीत पालथा पडतो आणि पोराला म्हणतो, "पाय दे रे पाठीवर." पोरगं भिंतीला हात टेकून कमरेपासून खांद्यापर्यंत चालतं. उसण भरली तर पायाळू माणसाकडे जायचं, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्याकडे. त्यानं दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. (साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच कमी होते. पायाळूचा नावलौकिक त्यावर टिकून आहे, असं माझं मत.) ताईनं पायाचं काम सुरू केल्याची बातमी फुटली तेव्हा पहिला प्रश्न हाच आला : "तू पायाळू हायेस का व?"

विद्या म्हणूनही ही जुनीच. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात हेमंत ऋतूत करायच्या गोष्टींमध्ये अभ्यंग आणि कुस्तीच्या जोडीनं पादाघात, म्हणजे पायानं तुडवणं, सांगितलेला आहे. केरळात कळरीपयट्टू या युद्धकलेच्या आखाड्यांत शिष्यांची अंगं मोकळी करायला गुरू वर बांधलेला दोर धरून पायानं तेल चोळतात. त्याला चवुट्टी तिरुमल म्हणतात. माणूस जमिनीवर चटईवर झोपतो आणि पाय कमरेपासून पार हाताच्या बोटांपर्यंत एका लांब ओढीत जातो. अमेरिकेत रूथी पायपर हार्डी यांनी १९९५ मध्ये छताला समांतर लाकडी दांडे ठोकून टेबलावर झोपलेल्या माणसाला पायानं मालिश करायची पद्धत बसवली. आशियात्सू या जपानी नावानं ती ओळखली जाते. दोर असो की दांडा, दोन्हीकडे करणाऱ्याचे हात वर काहीतरी धरून असतात. ओसरीतलं पोरगं भिंत धरतं तेही त्याचसाठी. या प्रकरणातलं सगळं शिक्षण त्या वर धरलेल्या हातांभोवती फिरलं.

काटा

ताईनं केरळात जाऊन हे शिकायचं ठरवलं, पण जाण्याआधी मी तिला एक अट घातली. दोन वजनकाटे आण, घरात ठेवतात ते साधे, आणि माझ्यासमोर उभी राहा. भार किती पडतो हे तिला पायानं सांगता आलं पाहिजे. ते जमलं तर पुढचा विचार.

पहिल्या दिवशी एक पाय जमिनीवर आणि एक काट्यावर. पाच किलो दे म्हटलं तर काटा अकरावर. दहा म्हटलं तर एकोणीस. डोळे मिटले की आणखी गोंधळ. हे कुणाचंही होईल, कारण पायाला जन्मभर एकच काम असतं, अंगाचं सगळं वजन पेलायचं. थोडंसं वजन द्यायचं त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. दहा श्वास होईपर्यंत काटा पाचवर धरून ठेव, मग आठवर, मग बारावर, असं तिनं घरी रोज केलं. सासूबाई विचारायच्या, "किती भरली आज?"

मग दोन्ही पाय दोन काट्यांवर आणि हात वरच्या दांड्यावर. एका काट्यावर २२, दुसऱ्यावर २०. बेरीज ४२. ५४ किलोंची बाई, मग १२ किलो गेले कुठे? ते दांड्यावर. हे आकडे तिनं स्वतः वाचले तेव्हा मला पुढचं फारसं समजवावं लागलं नाही. दांड्यावरचे १२ किलो कमीजास्त करता आले, तर खालच्या माणसावर काय पडेल ते तिच्या हातात राहतं.

दुसरा हिशेब जागेचा. अंगठ्याच्या पेराची टेकणारी जागा जेमतेम तीन चौरस सेंटिमीटर. त्यावर सहा किलो दिले तर दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो. टाच साधारण पंचवीस चौरस सेंटिमीटर धरा. सोळा किलो दिले तरी दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोही होत नाही. त्यामुळे खालच्या बाईला दाब खोल पण बोथट लागतो, टोचत नाही. मात्र तीच टाच आणि पूर्ण ५४ किलो असं झालं की आकडा दोन किलोंच्या वर जातो, तोही मणक्याजवळ. ओसरीतलं पोरगं पंधरा किलोंचं असतं आणि दोन्ही तळव्यांवर चालतं, म्हणून बापाचं काही बिघडत नाही. तोच बाप बायकोला "जरा उभी राहा" म्हणतो तेव्हा गोष्ट वेगळी असते.

पायाची नजर तयार करायला आम्ही गोधडीखाली तुरीचे दाणे ठेवले. दाणा कुठे आहे ते तळव्यानं शोधायचं, आधी चवड्यानं, मग टाचेनं, मग पायाच्या बाहेरच्या कडेनं. पायाच्या बोटांनी सरकी उचलून वाटीत टाकायची. हे खेळ वाटतात, पण दोनेक आठवड्यांनी तिला गोधडीच्या दोन घड्यांखालचा दाणा सापडायला लागला, आणि पाठीतली गाठ त्याहून मोठी असते.

बंगईच्या कड्या

नागपूरहून केरळ एक्स्प्रेस धरून ती पालक्काडकडच्या एका आखाड्यात शिकायला गेली. तिथे काय शिकवतात ते ती सविस्तर सांगते, मी फक्त तिच्या कामात झालेला बदल लिहिते. गुडघा कधीही ताठ ठेवायचा नाही. ज्या पायावर उभं आहोत, कंबर त्याच्यावरच राहिली पाहिजे. घसरता पाय श्वास सोडताना पुढे न्यायचा, श्वास घेताना थांबवायचा. पाठीच्या कण्यावर पाय कधीच नाही, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवरच. खालच्या दोन सुट्या बरगड्यांवर नाही, गुडघ्याच्या मागच्या खळगीत नाही, मानेवर भार टाकून तर नाहीच. शिवाय तिथल्या गुरूनं तिला आधी बरेच दिवस नुसतं दोर धरून उभं केलं. काट्याची सवय असल्यामुळे तिला त्याचा कंटाळा आला नाही, एवढं श्रेय मी घेते.

परत आल्यावर प्रश्न आला दांड्याचा. खोलीवर टिनाचं छत. टिनाखालच्या अँगलला माणसाचा भार देणं म्हणजे अपघाताला बोलावणं. समोरच्या खोलीला स्लॅब आहे आणि तिथे बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्या आहेत. विदर्भात बऱ्याच घरांत असतात, आणि बंगईवर चार माणसं बसली तरी कड्या हलत नाहीत. तिनं बंगई काढून तिथे सुती दोर बांधला. भार पेलला, पण दोर झुलायचा, आणि समोरची खोली म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांची. शेवटी तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून जमिनीवर उभी राहणारी चौकट करून घेतली : खांब दोन इंची पाइपाचे, वरचे दोन दांडे दीड इंची, आणि खाली रुंद पाय. वेल्डिंगवाल्याला वाटलं की मंडपाचा सांगाडा आहे. टेबल न घेता जमिनीवरची गादीच ठेवली, नाहीतर टेबलाची उंची, वर तिची उंची आणि वर टिन, हे गणित बसलंच नसतं.

चौकट आली आणि आठवड्याभरात तिचा फोन आला : अंगठा पुन्हा दुखतोय. कारण कळायला वेळ लागला नाही. हात वाचवायला निघालेली बाई आता हातांनी दांडा गच्च आवळून धरत होती. अंगठा दांड्याखालून गुंडाळला की मुळाचा सांधा पुन्हा कामाला लागतो. मग चार बोटांची आकडी करून दांड्याला नुसतं अडकायचं, अंगठा बोटांच्याच बाजूला, असं बसवलं. थोडा वेळ दांड्याभोवती गुंडाळलेल्या जुन्या लुगड्याच्या फासात कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवायचा. आणि दर पंधरा मिनिटांनी वर धरायचं काम सोडून स्टुलावर बसायचं : बसून एका पायानं पोटऱ्या आणि तळवे करता येतात, त्याला दांडा लागत नाही. परदेशी चित्रफितींमध्ये दांड्यावर लोंबकळणारे धडधाकट लोक दिसतात. अंगठ्याचं दुखणं घेऊन या कामात आलेल्या माणसानं त्यांची नक्कल करू नये, असं मला वाटतं.

जोडवी

यापुढचा भाग मला सुचलाच नसता. जोडवी घालून पायानं मालिश होत नाही, कातडी खरवडते. जोडवी काढायची म्हणजे घरात चर्चा. सासूबाईंचं म्हणणं, नवरा जिता आहे आणि सून दिवसातून चारदा जोडवी काढते, हे बरं दिसत नाही. नवऱ्याला काही वाटत नव्हतं, पण त्याच्या म्हणण्याला या विषयात किंमत नव्हती. तोडगा ताईनंच काढला. काम सुरू करताना ती जोडवी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालते, काम संपलं की पायात. "अंगावरून उतरली नाही ना?" एवढं तिनं विचारलं आणि प्रकरण मिटलं.

पाय लागण्याचा प्रश्न याहून अवघड होता. आपल्याकडे चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतात. तिच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत तिच्या चुलत सासूबाई होत्या. दसऱ्याला, संक्रांतीला जिच्या पाया पडायचं, तिच्या पाठीवर पाय ठेवायचा कसा? ताई चौकटीत उभी, हात दांड्यावर, आणि पाय उचलेना. शेवटी ती खाली वाकली, सासूबाईंच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि मग सुरू केलं. खालून आवाज आला, "आता देतं का पाय, का पोथी वाचू?" तेव्हापासून प्रत्येकीच्या पाठीला आधी हात लावून नमस्कार, शेवटी पुन्हा नमस्कार, हा तिचा रिवाजच झाला. माळ घालणाऱ्या एका बाईनं तरीही नको म्हटलं. तिचं हातानंच होतं.

नाही म्हणणं

तंत्र शिकण्यापेक्षा जास्त वेळ गेला तो नाही म्हणायला शिकण्यात. कापूस वेचून आलेली बाई दिवसभर वाकलेली असते, कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरत जाते तशी पुढे ओढते. ती ताईला म्हणते, "चांगली उभी राहा ना माय, काही होत नाही." तिच्या लेखी जितका भार तितका गुण. ताई आता तिला काटा दाखवते. एकदा गिऱ्हाइकाचाच हात काट्यावर ठेवून पंधरा किलो दाबायला लावलं, की बहुतेकींना कळतं पंधरा किलो म्हणजे काय. ज्यांना कळत नाही त्या रुसून जातात, काही परत येतात.

कुणाला पाय द्यायचा नाही, याची यादी आम्ही दोघींनी केली, आणि ती करताना गावच समोर ठेवलं. गरोदर बाई, नुकतं ऑपरेशन झालेली, ताप असलेली, रक्त पातळ करायची गोळी चालू असलेली, कंबरेतून पायात मुंग्या उतरणारी : हे कुठल्याही प्रशिक्षणात सांगतात. एका पायावर अचानक आलेली, दाबली की दुखणारी सूज दिसली तर रक्ताची गाठ असू शकते. हत्तीरोगाचा भाग असल्यामुळे जुन्या सुजेचे पायही येतात. दोन्हींना हात लावायचा नाही, दवाखान्यात पाठवायचं. पाळी गेलेली, पाठीतून वाकलेली, "पहिले मी उंच होती" म्हणणारी बाई आली की धडावर पाय अजिबात नाही. हाडं ठिसूळ झालेली असली तर मणका साध्या भारानंही दबतो, आणि तो दबल्याचं कधीकधी त्या बाईलाही लगेच कळत नाही.

विदर्भासाठी यादीत एक गोष्ट वर हवी : सिकलसेल, रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात हा आजार बराच आढळतो, पण लग्नानं, कामानं माणसं सगळीकडे असतात. एकोणीस वर्षांच्या एका मुलीला आई घेऊन आली. थंडीचे दिवस, पाठ आणि मांड्या ठणकत होत्या, "पाय दे, मोकळं होईल" एवढीच मागणी. ताईनं तिला झोपवण्याआधी खिडकीजवळ उभं केलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिलं. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पिवळट होता. असं दुखणं आधी किती वेळा आलं, रक्त कधी भरलं का, सिकलसेलचं कार्ड आहे का, असं विचारलं. कार्ड नव्हतं, पण मामाच्या पोराला आहे असं आई म्हणाली. सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत कळा येतात. थंडी आणि पाणी कमी पिणं हे त्याला निमित्त. अशा वेळी रगडणं हा उपाय नाही. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा आधीच बिघडलेला असू शकतो. ताईनं मालिश न करता मुलीला गरम पाणी प्यायला दिलं, पांघरूण दिलं आणि त्याच दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथे सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी, झाली, ती सकारात्मक आली, पुढची पक्की तपासणी वर्ध्याला. आई पहिल्यांदा रागावली होती की एवढ्या लांबून आलो आणि हातही लावला नाही. त्या दिवशीचे पैसे ताईनं घेतले नाहीत, हेही लिहायला हवं, कारण नाही म्हणायला पैसे लागतात. ज्या थेरपिस्टचं पोट त्या दिवसाच्या गिऱ्हाइकावर आहे, तिच्याकडून सगळ्या नकारांची अपेक्षा करणं सोपं नाही. म्हणून आम्ही पायाच्या मालिशचा दर हाताच्या दरापेक्षा वर ठेवला, ३०० च्या जागी ४५०, म्हणजे आठवड्यात दोन-तीन जणींना परत पाठवलं तरी चूल पेटते. काहीजणी रोख न देता तूर नाहीतर जवस देतात, त्याचा हिशेब सासूबाईंकडे.

अंगठ्याचं सांगायचं तर, दहापैकी सातवर असलेलं दुखणं सहा महिन्यांत तीनवर आलं. बरणीचं झाकण उघडतं. भाकर थापताना अजून कधीमधी कळ येते. झीज भरून आलेली नाही, येणारही नाही. भार कमी झाला एवढंच. साधारण अर्धं काम अजून हातानंच होतं, कारण यादीतल्या कितीतरी जणींना हातच चालतो. पायानं मणका जागेवर बसवून मिळतो अशी अफवा गावात फिरते, ती ताई स्वतः खोडून काढते. मालिशनं आखडलेले स्नायू सैल होतात, काही दिवस बरं वाटतं, झोप लागते. मणक्यांमधली सरकलेली गादी त्यानं जागेवर जात नाही.

नवी अडचण तिच्या तळव्यांची आहे. पाय मऊ हवा, भेग चालत नाही, नखं कापलेली हवीत. रोज रात्री कोमट पाण्यात पाय, वजरीनं टाचा घासणं, वर तिळाचं तेल आणि मोजे. पण घर शेतकऱ्याचं. वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, सुनेला वावरात जावंच लागतं, काळ्या मातीत टाचा फुटतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत सगळ्या गावाच्या कमरा धरलेल्या असतात, म्हणजे गिऱ्हाईक सगळ्यात जास्त. या हंगामात ती मोजे आणि बंद बूट घालून कापूस वेचते आहे. बाया तिला "इन्स्पेक्टर मॅडम आल्या" म्हणतात. टाचा बऱ्या राहिल्या, पण दिवसभर वाकून वर संध्याकाळी एका पायावर उभं राहणं गुडघ्यांना मानवेलसं वाटत नाही, डावा गुडघा चढताना वाजतो असं ती म्हणते. वेचणी उरकल्यावर तपासणीला बोलावलं आहे. तोवर दिवसाला पायाची दोनच मालिशं, आणि उभ्यानं करायचं तेवढं स्टुलावर बसून.